गल्लीतली माणसं तुझ्याकडे बघून हसायची

मंगल, तू गेलीस त्या सकाळी मला तुझ्याजवळ बसायला जागा मिळाली नाही.

तुझ्या नवऱ्याचा, दत्ताभाऊंचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओचं शटर उघडत होते. ते अर्धं वर तसंच सोडून आले. वाटलं होतं, मी दिसले की बायका सरकतील, मला पुढं घेतील. पण तुझ्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आपण संध्याकाळी फिरायचो त्या कादराबादच्या गल्लीतली निम्मी माणसं माझ्या आधी पोचली होती. त्यांना कुणी कळवलं, मला माहीत नाही. तुझ्या उशाशी गल्लीतली रजया शिवणारी हमीदाआपा बसली होती आणि धावड्याहून आलेली तुझी मावशी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. त्या दोघींनी एकमेकींना त्याआधी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. मी फ्रीजला टेकून उभी राहिले. गल्लीतल्या एका नव्या सुनेनं डोळे पुसत मला विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

मी म्हणाले, "शेजारचं दुकान."

मला त्या वेळी रडू आलं नाही. राग आला. एवढ्या लोकांनी तुझ्यासाठी रडावं हेच मला बघवेना. माझी मैत्रीण गेली होती आणि तिचं दुःख मला रांगेत उभं राहून घ्यावं लागत होतं. तुला हे सांगायला मला संकोच नाही. तुला माझा स्वभाव माहीत होता. "शोभे, तुझ्या पोटात सदा चूल पेटलेली," असं तूच म्हणायचीस, आणि वर हसायचीस.

तुझं मॅचिंग सेंटर आणि माझा स्टुडिओ यांच्यात एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. दिवसभर तुझ्याकडचं सगळं बोलणं माझ्याकडे ऐकू यायचं. अस्तर कुठल्या रंगाचं, लेस किती बोटं रुंद, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या जावयानं जालन्यात प्लॉट घेतला. ब्लाऊजपीसला मॅचिंग दोरा घ्यायला आलेली बाई अर्धा तास बसून, चहा पिऊन जायची. आणि भिंतीच्या अलीकडे मी रेशनकार्डाला, नोकरीच्या अर्जाला, बँकेला लागणारे फोटो काढत बसायची. "हनुवटी वर. कान दिसू द्या. हसू नका." दिवसभर मी माणसांना हसू नका म्हणून सांगायची आणि पलीकडे तू त्यांना हसवायचीस. आपली गाठ पडायच्या आधीपासूनच मी तुझ्यावर जळत होते, असं म्हटलं तरी चालेल.

संध्याकाळी ऊन उतरलं की मी दुकान भावावर सोपवून वडिलांच्या वेळचा कॅमेरा घेऊन निघायची. मला माणसांचे हसणारे फोटो पाहिजे होते. स्वतःच्या मर्जीनं हसणारे. जुन्या गल्ल्यांत त्या वेळी फार सुंदर उजेड असतो. भिंतींचा चुना गुळासारखा दिसायला लागतो. दारांपुढं पाणी मारलेलं असतं, ओट्यावर कुणी तांदूळ निवडतंय, कुणी नातवाला भरवतंय. मी कॅमेरा वर केला की नातू आत, तांदूळ आत, दार बंद. एका आजीनं तर मला विचारलं, "नगरपालिकेच्या का तुम्ही? अतिक्रमणाचे फोटो काढून राह्यल्या का?" मी नाही म्हटलं, तर तिला ते खरं वाटलं नाही. मी बरेच दिवस नुसते दरवाजे, खिडक्या आणि शेळ्या काढून परत येत होते.

मग तू आलीस. म्हणजे माझ्यासाठी आली नव्हतीस. तुझ्याकडे फॉल-पिकोला दिलेली साडी त्या गल्लीत पोचवायची होती, म्हणून माझ्याबरोबर निघालीस. वाटेत विचारलंस, "रोज कुठं जात असती गं एवढं गळ्यात अडकवून?" मी सांगितलं. तू म्हणालीस, "दाखव मंग आज काढलेले." मी दाखवले. तू एक एक बघत गेलीस आणि म्हणालीस, "शेळ्या लय छान आल्या."

साडीचं घर आलं. तू हाक मारलीस आणि थेट उंबऱ्यावर बसलीस. आतली बाई म्हणाली, आत या. तू म्हणालीस, "इथंच बरं हाय, वारं येऊन राह्यलं." शेजारचे कुलूपवाले नाना समोरच्या ओट्यावर एका जुन्या कुलपात तेल सोडत बसले होते. मी त्यांच्यासमोरून महिनाभर जात होते. ते कधी वर बघायचे नाहीत. तू तिथूनच म्हणालीस, "काका, हे कुलूप उघडलं न्हाई तर चोराला बोलवा, तो जल्दी उघडील." नानांनी मान वर केली आणि हसले. त्यांना वरचे तीनच दात आहेत, ते तिन्ही दिसले. मी बटण दाबलं.

तो फोटो आजही माझ्या दुकानाच्या काचेत आहे. तो बघून लोक मला लग्नाची ऑर्डर देतात. आणि तू तो पहिल्यांदा काचेत लावलेला पाहिलास तेव्हा म्हणालीस, "नाना माझ्याकडं बघून हसलेत, शोभे."

"बटण मी दाबलं," मी म्हणाले.

"दाब की. हसायचं त्यांनी, हसवायचं मी, दाबायचं तू. फोटो मंग कुणाचा?"

हे भांडण तेव्हापासून चालू होतं. तू ते गमतीनं काढायचीस. मी गमतीनं घेत नव्हते. कारण तू बोलत होतीस ते खरं होतं. माझे जे जे फोटो चांगले आले, त्या सगळ्यांत माणूस किंचित डावीकडे बघतोय. कारण तू माझ्या डावीकडे उभी असायचीस. बाहेरचा कुणी ते फोटो बघून म्हणतो, काय सुंदर नजर टिपलीय. मला मात्र त्या प्रत्येक नजरेच्या टोकाला तू उभी दिसतेस.

पण तू यायला लागलीस म्हणून दारं उघडली, हेही मीच सांगायला पाहिजे. नळ येण्याच्या संध्याकाळी तर आपण मुद्दाम जायचो. त्या दिवशी गल्ली जत्रेसारखी व्हायची. पिंप, हंडे, पाइप, आरडाओरडा. तू पदर खोचून कुणाचाही हंडा उचलू लागायचीस. मी म्हणायची, "मंगल, उजेड चाललाय." तू म्हणायचीस, "उजेड उद्या येईल. हिचा नळ आता आठ दिवसांनी येणार." एकदा चहासाठी एका घरात तू मला इतकं बसवून ठेवलंस की बाहेर आलो तेव्हा दिवे लागले होते. मी चिडून भराभर चालू लागले. तू माझ्या शेजारून चालत गुणगुणत होतीस. चौकात आल्यावर म्हणालीस, "आधी चहा प्यायचा, मंग फोटो मागायचा. तू आधी मागती अन् मंग पाणीसुद्धा न पिता निघती. माणसाला वाटतं, हिनं काहीतरी नेलं आपलं."

मी म्हणाले, "मी फोटो काढायला येते. सोयरीक करायला नाही."

"तेच तर," तू म्हणालीस.

 

हमीदाआपाचं तर मी तुला कधीच माफ केलं नाही. गल्लीच्या वळणावर तिचं घर. संध्याकाळी दारात रजई पसरून टाके घालत बसायची. तिच्या मागं निळा दरवाजा, पायाशी रंगीत चिंध्या, नाकावर घसरलेला चष्मा. मला तो फोटो पाहिजेच होता. मी दर आठवड्याला विचारायची आणि ती दर आठवड्याला हात हलवून सांगायची, "मेरा नक्को निकालो बाई. दूसरे भोत लोगां हैं." मी मान राखून पुढं जायची. जबरदस्ती करणं माझ्या धंद्यात बसत नाही.

तू नवा फोन घेतलास त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. तू तिच्या रजईवर बसून फोन कसा चालतो ते तिला दाखवत होतीस. तुझा नातू, तुझं दुकान, दत्ताभाऊ झोपलेले. ती हसत होती. मी कॅमेऱ्याची काच पुसत बाजूला उभी होते. एकाएकी ती म्हणाली, "मंगल, मेरा निकाल एक."

मी पुढं सरकले. आपानं माझ्याकडे बघून हात केला. "तुम नक्को. ये निकालेगी."

तू फोन तसाच वर केलास. ना मागं सरकलीस, ना उजेड बघितलास. काढलास आणि तिला दाखवलास. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हौ. मैं ऐसीच हूँ."

मी तो फोटो पाहिला. आडवा काढायचा तो उभा काढलेला. रजई अर्धी कापलेली. दरवाजाचा निळा रंग तर दिसतसुद्धा नव्हता. आणि आपा फोनच्या आत बघत होती. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ. माझ्या पंचवीस वर्षांच्या धंद्यात माझ्या कॅमेऱ्यात असं कुणी बघितलेलं नव्हतं. तू विचारलंस, "कसा आलाय गं?" मी म्हणाले, "जरा हललाय." तो हललेला नव्हता, मंगल. पण त्या दिवशी मला एवढंच बोलता आलं.

तुझा फोटो मात्र तू मला कधी काढू दिला नाहीस. हे आता सगळ्यात जास्त टोचतं. मी कॅमेरा तुझ्याकडे वळवला की तू पदर तोंडावर घ्यायचीस, नाहीतर पाठ करायचीस. मी म्हणायची, एक तर काढू दे. तू म्हणायचीस, "माझा नको. तू लय बारीक बघती." मला वाटायचं लाजते. पुढं पुढं वाटायचं, हिला माझ्या फोटोंचा भरवसा नाही. मग मीही विचारणं सोडून दिलं. मानी तर मीही आहे.

संक्रांतीनंतर एका संध्याकाळी तू पहिल्याच ओट्यावर बसलीस. मग पुढच्या ओट्यावर. मी म्हणाले, "काय गं, आज प्रत्येक घरी सोयरीक?" तू हसलीस आणि गुडघ्यावर हात ठेवून सांगितलंस की पोटात गाठ आहे, संभाजीनगरच्या डॉक्टरांनी बघितलंय, इलाज सुरू होणार आहे. जसं काही अस्तराचं कापड संपलंय, दोन दिवसांत येईल, असं सांगत होतीस. मी गळ्यातल्या कॅमेऱ्यासकट तुझ्या शेजारी बसले. तू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस. आजारी तू, आणि धीर मला.

त्यानंतर मी एकटीच जायला लागले, तुझ्या सांगण्यावरून. "जाऊन ये अन् मला दाखव," म्हणायचीस. मी गल्लीत शिरले की पहिला प्रश्न, "मंगलबाई कुठंय?" दुसरा प्रश्न, "कधी येणार?" तिसरा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. मी कॅमेरा वर करायची, ती माणसं भल्या मनानं उभी राहायची, आणि तुझ्याबद्दल विचारता विचारता त्यांचे चेहरे असे व्हायचे की आधारकार्डाला चालले असते. संध्याकाळी तुझ्या पलंगाजवळ बसून मी तुला पडद्यावर दाखवायची. तू एकेकाचं नाव घेऊन विचारायचीस, हिचा गुडघा कसाय, नानांनी दात बसवले का. मला यातलं काही माहीत नसायचं. मी फोटो आणलेले असायचे. तुला माणसं पाहिजे असायची. तुझ्या घरातून निघताना मी रोज दोघांवर जळत निघायची. त्यांच्यावर, कारण तू त्यांना विचारतेस. तुझ्यावर, कारण ते तुला विचारतात.

आणि मग ती सकाळ, फ्रीजजवळची.

चौथ्या-पाचव्या दिवशी दत्ताभाऊ स्टुडिओत आले. दाढी वाढलेली, हातात तुमच्या लग्नाचा अल्बम. म्हणाले, "शोभाताई, तेराव्याला लावायला मंगलचा एक मोठा फोटो करून द्या. तुमच्याकडं तर ढिगानं असतील."

मी म्हणाले, "बघते."

मी सगळं उघडून बसले. गल्लीतले हजारो फोटो. नाना, आपाच्या घराची बाजू, नळाची गर्दी, पोरं, बकऱ्या, ओटे. एका फोटोत तुझी पाठ आहे. एकात तुझा हात, कुणाच्या तरी हंड्याला लावलेला. एकात जमिनीवर तुझी सावली माझ्या सावलीशेजारी. तोंड कुठंच नाही. अल्बममधे तू सतरा-अठरा वर्षांची, मुंडावळ्यांखाली मान घातलेली, ओळखूसुद्धा येत नाहीस. तुझ्या फोनमधे सगळी दुनिया होती, तू नव्हतीस. राहता राहिला तुझ्या बँकेच्या पासबुकावरचा फोटो. तो मीच काढलेला. त्यात तू हसलेली नाहीस, कारण मी सांगितलं होतं, हसू नका.

शेवटी मी गल्लीत गेले. कॅमेरा नेला नव्हता. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात तुझा एखादा फोटो निघाला असेल, म्हणून विचारत निघाले. वळणावर हमीदाआपा नेहमीच्या जागी होती, पण हातात सुई नव्हती. मी विचारलं. ती आत गेली आणि तिचा फोन घेऊन आली. लेकीशी बोलायला दिलेला, काचेला तडा गेलेला. बराच वेळ शोधून तिनं तो माझ्यासमोर धरला.

मंगल, तू तिच्या रजईवर बसली आहेस. अंगावर मोरपंखी साडी. पदर डोक्यावर नाही, तोंडावर नाही, खांद्यावरून खाली आलाय. हातात चहाचा कप तिरका झालाय. तू हसतेयस आणि तुझे डोळे हसता हसता मिटायला आलेत. डोक्याचा वरचा भाग कापला गेलाय. उजव्या कोपऱ्यात आपाचा अंगठा आलाय, भला मोठा, सुईच्या खुणा असलेला. तू सरळ बघतेयस.

"हा कधीचा?" मी विचारलं.

"दिवाली के बाद का. तुम शादी के फोटू निकालने वाटूर कू गई थी."

मला तो दिवस आठवला. तुळशीचं लग्न लागल्यावरची पहिली लग्नतिथ, वाटूरला ऑर्डर होती. तू दुसऱ्या दिवशी विचारलं होतंस, नवरी कशी होती.

"मेरेकू बोली, आपा, मेरा एक निकालो. मैंने जिंदगी में कभी निकाला नै था. फोन उलटा पकडी मैं. वो इत्ता हँसी, इत्ता हँसी." आपानं फोन मांडीवर ठेवला. "उसी दिन रिपोर्ट आया था उसका. बोली, अब दवा चालू हुई के सूरत बदल जाएगी. आज की रहने दो."

मी आपाच्या उंबऱ्यावर बसले. म्हणजे दिवाळीनंतर. मला तू सांगितलंस संक्रांतीनंतर. मधल्या सगळ्या संध्याकाळी मी तुझ्या शेजारून चालत होते, तुझ्याशी उजेडावरून भांडत होते, आणि या रजई शिवणाऱ्या बाईला माहीत होतं.

"मला का नाही सांगितलं तिनं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "मी तिची कोण होते? तुम्हाला सांगितलं, मला का नाही?"

आपा मला समजवायला आली नाही. म्हणाली, "मैं भी पूछी थी. बोली, शोभा कू बताई तो वो कैमरा घर में रख देगी. फिर शाम का फिरना बंद. उसकू फिरना होना था, बाई. जित्ते दिन होता उत्ते दिन."

"आणि फोटो? माझ्याकडून एक फोटो काढून घेतला असता तर काय झालं असतं?"

"वो बोली, शोभा बारीक देखती. फोटू में उसकू दिख जाएगा. इसके वास्ते मेरे फोन में रखी. तुम्हारे हात में उसका फोन जाता ना रोज."

खरं आहे. तुझ्या फोनमधले फोटो मीच तर रोज तपासायची, हा तिरका, हा अंधारा म्हणत. आणि हेही खरं आहे की मला कळलं असतं तर मी कॅमेरा खुंटीला लावला असता, तुला दवाखान्यांतून फिरवलं असतं, गल्लीत एक पाऊल टाकू दिलं नसतं. तू मला पुरती ओळखत होतीस. तू मला दोन-अडीच महिन्यांच्या संध्याकाळी दिल्यास, जशा होत्या तशा, भांडणासकट. मला हे कळतं. त्याबद्दल मी तुझे उपकार मानते, मनापासून मानते. पण मंगल, त्या संध्याकाळी मला मिळाल्या आणि तू मात्र आपाला मिळालीस. तुझं भय, तुझं रडणं, तो रिपोर्ट, ते हसणं. मी हे दोन्ही एकमेकांपुढं धरून बघते आणि दर वेळी मला आपाच्या वाट्याचं जास्त वाटतं.

फोटो मी पेनड्राइव्हवर घेऊन आले. दत्ताभाऊंनी पाहिला आणि भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "हाच करा. फक्त जरा नीट करा, तो अंगठा बिंगठा."

मी कॉम्प्युटरवर घेतला. आता अशा गोष्टींना काही वेळ लागत नाही. डोक्याचा कापला गेलेला भाग भरून घेतला. कप नीट दिसेल एवढा उजेड दिला. अंगठ्यावरून माऊस फिरवला आणि तिथं रजईचं कापड आलं. अंगठा गेला. आणि तो फोटो एकदम माझ्या दुकानातला वाटायला लागला. जणू तू माझ्यासमोर बसली होतीस आणि मीच काहीतरी बोलले होते आणि तू हसली होतीस. मी तो तसाच बघत बसले. कुणाला कळलं नसतं. सगळं जालना मला ओळखतं. चांगला फोटो म्हणजे शोभाताईंचा.

मग मी अंगठा परत आणला. का, ते मला नीट सांगता येणार नाही. थोरपणा म्हणून नाही. तो काढल्यावर तू कुणाकडे बघून हसतेयस ते कळेनासं झालं होतं. तसाच छापला, तशीच फ्रेम केली.

तेराव्याला फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. पुढं समई, झेंडूचा हार. गल्ली सगळी आली होती, तुझ्या माहेरची माणसं होती. तुझी मावशी फोटोसमोर बसून होती. हार जरा बाजूला सारून बघत म्हणाली, "कशी हसून राह्यली माझी पोरगी. अशी तर लग्नातबी हसली न्हाई." आणि मान वळवून मला म्हणाली, "तू काढला ना गं बाई हा? तूच ती फोटोवाली ना?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं.  तेवढ्यात मागून, दाराजवळून आपाचा आवाज आला. "हौ. इन्होंनेच निकाला."

मी मागं बघितलं. ती ओढणी सावरत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. कुणाला पाण्याचा तांब्या पुढं करावा तसा तिनं तो फोटो मला दिला होता. ही रीत तुझी होती. ती तिला तू लावलीस की तिची तुला लागली, देव जाणे. मला एवढंच कळलं की तुम्ही दोघी एका बाजूला आहात आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. ते मला घेववलं नाही.

"न्हाई मावशी," मी म्हणाले. "हमीदाआपानं काढलाय. बघा, कोपऱ्यात अंगठा हाय त्यांचा."

मावशी पुढं वाकली. तिच्यामागून आणखी दोघी वाकल्या. अंगठा दिसला. मावशी आपाला म्हणाली, "दाखव बरं हात." आपानं बिचारीनं हात पुढं केला. मावशीनं फोटोतला आणि हातातला ताडून बघितला आणि म्हणाली, "बराबर हाय, ह्योच हाय." आणि कुणीतरी हसलं. मग मावशी हसली, मग दत्ताभाऊ, डोळ्यांतलं पाणी तसंच वाहत असताना. तुझ्या तेराव्याला तुझ्या घरात माणसं हसत होती, मंगल. मी बोलले ते बरोबर केलं हे मला कळत होतं, आणि पोटात जाळ झाला होता.

मावशी म्हणाली, "मंग आता आमचा बी काढ एक, सगळ्यांचा. काढणारी तूच दिसती इथं." आपानं फोन काढला. मी शेजारी उभी होते, पंचवीस वर्षांचा धंदा घेऊन. मला कुणी विचारलं नाही. उलट मावशीनं मला हाताला धरून ओढलं आणि बायकांत उभं केलं. आपानं फोन उलटा धरला, मग सुलटा केला.

तो फोटो तिनं काल मला पाठवला. मधे मावशी आहे, बाजूला दत्ताभाऊ, मागं गल्ली. मी कडेला आहे. सगळे आपाकडे बघतायत आणि जवळजवळ सगळेच हसतायत. मी नाही. दत्ताभाऊंनी तो बघितला आणि म्हणाले, "शोभाताई, तुमच्या तोंडावर केवढं दुःख दिसून राह्यलं." मी मान हलवली. ते दुःख नाही हे तुला बघताक्षणी कळलं असतं.